रिमोटचं छोटं हेलिकॉप्टर उचलत नाही? नवी बॅटरी मागवायच्या आधी हे करून बघा

पंखे फिरतायत, आवाजही जोरात येतोय, पण हेलिकॉप्टर काही जमीन सोडत नाही. नाहीतर उठतं आणि गुडघ्याएवढं जाऊन परत खाली बसतं. नाहीतर पूर्ण चार्ज करूनही दोन मिनिटांत मान टाकतं. या सगळ्यावर घरोघरी निदान एकच असतं, बॅटरी गेली. मग ऑनलाईन नवी बॅटरी मागवायची, ती कशीबशी जोडायची आणि हेलिकॉप्टर पहिल्यासारखंच वागणार, कारण बऱ्याचदा दोष तिथे नसतोच. पॉवर बॅटरीतून निघते आणि मोटरपर्यंत पोचता पोचता वाटेत कुठेतरी गळते, ती कुठे गळते हे आधी शोधायचं आणि मगच खिशात हात घालायचा, एवढंच सांगायचंय.

मी इथे बोलतोय ते सायमा एस१०७ आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या शेकडो कॉप्यांबद्दल. म्हणजे एकावर एक असे दोन पंखे, वर ती आडवी दांडी, शेपटीला एक चिमुकला पंखा, इन्फ्रारेड रिमोट आणि आत ३.७ व्होल्टची साधारण १५० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) एकच लिथियम पॉलिमर बॅटरी. मोठी, बाहेर उडवायची हेलिकॉप्टरं वेगळी, त्यांचं गणित वेगळं.

आधी एक साधा हिशोब करू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. १५० एमएएचची बॅटरी ८ मिनिटं चालते असं धरलं तर १५० गुणिले ६० भागिले ८, म्हणजे सरासरी सव्वाअकराशे मिलिअँपिअर, सव्वा अँपिअरच्या जरा खाली. एवढ्याशा बॅटरीसाठी हा करंट भरपूर आहे. आता वाटेत कुठे सैल सोल्डर, गंजलेला स्विच, तुटत आलेली वायर यांपैकी काहीही असलं आणि त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, फक्त ०.३ ओहम असला तरी तिथेच ०.३ व्होल्टच्या वर खाल्ले जातात. घरातल्या पंख्याला याने काही फरक पडणार नाही, पण इथे एकूण मिळतात चारच व्होल्ट, आणि हेलिकॉप्टरला स्वतःचं वजन उचलायचं असतं. एवढी गळती असली की ते फक्त गवत हलवतं.

मल्टीमीटर हवाच. तो पिवळा, स्वस्तातला, डीटी८३० टाईपचा चालतो, पुण्यात तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल. मोबाईल रिपेअरवाल्यांकडे असतो तसा बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर, एक २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, थोडं सोल्डर, चिकटपट्टी, आणि मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल. नेलपॉलिश रिमूव्हर अल्कोहोलच्या जागी वापरू नका, त्यातलं असिटोन प्लास्टिक खातं, कॅनोपीवर, म्हणजे हेलिकॉप्टरच्या बाहेरच्या कवचावर, एक थेंब पडला तरी डाग राहतो.

हेलिकॉप्टर उघडायच्या आधी रिमोट बघा. हे कोणी करत नाही. रिमोटमध्ये सहा पेन्सिल सेल असतात, नवे असताना ९ व्होल्ट. टीव्हीच्या रिमोटमधले अर्धमेले सेल काढून यात घातले की इन्फ्रारेडचा प्रकाश मंद होतो, सिग्नल तुटक पोचतो आणि हेलिकॉप्टर हवेत उचकी लागल्यासारखं वागतं, बघणाऱ्याला वाटतं बॅटरी मरतेय. तपासायचं कसं, तर मोबाईलचा कॅमेरा चालू करून रिमोटच्या पुढच्या काळ्या टोकाकडे धरा आणि थ्रॉटल (पंख्यांचा वेग वाढवायची दांडी) वर करा, स्क्रीनवर जांभळट पांढरा प्रकाश लुकलुकताना दिसला पाहिजे. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फी कॅमेऱ्याने बघा, काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारी फिल्टर असते.

आणि ऊन. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, त्यात रिमोटचा सिग्नल हरवतो. गच्चीवर किंवा अंगणात नेल्यावर हेलिकॉप्टर मध्येच बंद पडून दगडासारखं खाली येत असेल आणि संध्याकाळी हॉलमध्ये मस्त उडत असेल, तर पॉवरचा काही प्रॉब्लेम नाही, पोरांना सांगा पडदे लावून खेळा.

रिमोटचंच अजून एक. या रिमोटमध्ये खाली एक छोटी वायर लपलेली असते, तिने हेलिकॉप्टर थेट रिमोटच्या सेलवरून चार्ज करता येतं. सोय चांगली आहे पण सेल जुने असले की बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, उलट सेलही संपतात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. नेहमीसाठी यूएसबीची वायरच वापरा.

आता चार्जिंग. सुस्थितीतली बॅटरी रिकामी झाल्यावर भरायला साधारण ४० ते ५० मिनिटं घेते. यूएसबी वायरवरचा दिवा काही वायरींमध्ये चार्ज होताना लागतो आणि भरल्यावर विझतो, काहींमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे आपल्या वायरचं काय आहे ते एकदा नीट बघून ठेवा, अर्धे लोक उलटंच समजून हेलिकॉप्टर रिकामं उडवायला जातात. दिवा पाच-सात मिनिटांतच बॅटरी भरली असं सांगत असेल तर बॅटरी म्हातारी झालीय, आतला रेझिस्टन्स वाढला की ती चटकन ४.२ व्होल्टला पोचते आणि चार्जर समजतो काम झालं, प्रत्यक्षात आत फारसं काही साठलेलंच नसतं. तास दोन तास झाले तरी दिवा बदलत नसेल तर एकतर चार्जर करंट देत नाहीये, नाहीतर बॅटरीच आतून गळतेय. आणि दिव्याला काहीच फरक पडत नसेल, लावलं न लावलं सारखंच, तर बघा हेलिकॉप्टरच्या बाजूचं चार्जिंगचं भोक. तिथली पिन आत दबलेली असते, किंवा आतून सोल्डर सुटलेलं असतं, कारण पोरं वायर वाकडी ओढून काढतात. हेलिकॉप्टरचा स्विच बंद ठेवूनच चार्ज करायचं, बऱ्याच मॉडेलमध्ये स्विच चालू असला की चार्जिंग नीट होत नाही.

वायर कुठे लावायची, तर साध्या ५ व्होल्ट १ अँपिअरच्या अडॅप्टरला किंवा कॉम्प्युटरच्या पोर्टला. करंट किती घ्यायचा ते वायरमधलं सर्किट ठरवतं, त्यामुळे मोठा अडॅप्टर लावला म्हणून लवकर भरत नाही. पण अगदी स्वस्तातल्या वायरींमध्ये चार्जिंगची चिपच नसते, नुसता एक रेझिस्टर बसवलेला असतो, आणि अशी वायर बॅटरी भरल्यावरही थांबत नाही. म्हणून चार्जिंग झाल्या झाल्या बॅटरीवर मीटर लावून बघा, ४.१५ ते ४.२ च्या आसपास हवं, ४.२५ च्या वर गेलं असेल तर ती वायर कचऱ्यात टाका, वाद नको. रात्रभर लावून झोपायचं नाही, गादीवर ठेवून चार्ज करायचं नाही, फरशीवर ठेवा आणि आसपास राहा. आणि उडवून खाली आल्या आल्या गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर आता कॅनोपी उघडा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आत वायरला टोचतो, म्हणून कागदावर चित्र काढून त्याच जागी चिकटपट्टीने स्क्रू लावून ठेवा. आत बघितल्यावर पहिल्यांदा बॅटरीचं पोट बघा. चपटी असायला हवी. फुगलेली असेल, उशीसारखी झाली असेल तर पुढचं काही तपासायचं नाही, चार्जही करायची नाही, ती बदलायचीच आहे. टोचून हवा काढायचा उद्योग करू नका, पेट घेते.

फुगलेली नसेल तर मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि बॅटरीच्या वायरी आतल्या सर्किट बोर्डाला जिथे सोल्डर केल्यात तिथे टोकं लावा. स्विच चालू असताना. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी ४.१ ते ४.२ दाखवेल. इथेच सगळे फसतात. मीटरवर ४.१५ आले म्हणजे बॅटरी उत्तम, असं समजून लोक मोटरच्या मागे लागतात, पण नुसती पडून असलेली मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा ४.१५ दाखवते, कारण तेव्हा तिच्याकडून कोणी काही मागतच नसतं. खरं रूप लोडवर, म्हणजे मोटरी करंट ओढत असताना दिसतं.

म्हणून दुसऱ्या माणसाला रिमोट द्या. तुम्ही हेलिकॉप्टरचे खालचे पाय टेबलावर घट्ट दाबून धरा, तोंड आणि केस लांब, लहान मुलं लांब, एका हाताने मीटरची टोकं. टोकं धरणं जमत नसेल तर दोन बारीक वायरी बोर्डावरच्या त्याच दोन जागी तात्पुरत्या सोल्डर करून बाहेर काढा आणि त्यांना मीटर लावा, फक्त त्या दोन वायरी एकमेकींना चिकटणार नाहीत एवढं बघा. आता हळूहळू थ्रॉटल पूर्ण वर. आकडा खाली येणारच, किती येतो ते महत्त्वाचं. ३.७ च्या वर टिकून राहिला तर बॅटरी चांगली आहे आणि दोष पुढे आहे. ३.५ च्या आसपास गेला तर बॅटरी थकलीय पण अजून चालेल, उड्डाण कमी मिळेल. काही सेकंदांतच ३.३ च्या खाली गडगडला आणि थ्रॉटल सोडल्यावर परत ४ ला आला, तर बॅटरी संपली, आता नवी मागवायला हरकत नाही. हे आकडे माझे ठोकताळे आहेत, दर मॉडेलला थोडं इकडे तिकडे होईल, पण पडून असताना आणि लोडवर यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे शंका घ्यायलाच हवी.

मीटर शून्य दाखवतोय? लगेच मेली म्हणू नका. बऱ्याच छोट्या बॅटऱ्यांना वर पिवळ्या टेपखाली नखाएवढा प्रोटेक्शन बोर्ड असतो, व्होल्टेज फार खाली गेलं किंवा शॉर्ट झालं की तो बाहेरची वाट बंद करतो. चार्जर लावला की बहुतेक वेळा तो परत सुरू होतो. पण वर्षभर माळ्यावर पडलेलं हेलिकॉप्टर काढलंय, बॅटरी २.५ व्होल्टच्याही खाली गेलीय, तर तिला जबरदस्तीने जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. यूट्यूबवर दुसऱ्या बॅटरीने धक्का देऊन उठवणारे बरेच आहेत. एवढ्या खाली गेलेल्या सेलमध्ये आत तांबं विरघळून नको तिथे जमा होतं आणि पुढे कधीतरी आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. नवी बॅटरी काही एवढी महाग नसते.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, स्विच. तो एवढासा सरकवायचा स्विच, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, सगळा करंट त्याच्यातून जातो. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या बुटांवर बुरशी येते तिथे या स्विचच्या आतल्या पत्र्याचं काय होत असेल. मीटरची दोन टोकं स्विचच्या दोन पायांवर लावा, म्हणजे एक बॅटरीकडच्या पायावर आणि एक बोर्डाकडच्या, आणि परत थ्रॉटल पूर्ण द्या. चांगल्या स्विचवर आकडा जवळपास शून्य राहतो, ०.०२, ०.०५ असं काहीतरी. ०.२ किंवा ०.३ आलं तर चोर सापडला. भाच्याच्या हेलिकॉप्टरमध्ये इथे ०.४१ येत होते आणि घरात सगळे बॅटरीला शिव्या देत होते. अशा वेळी स्विचच्या फटीत अल्कोहोलचा एक थेंब सोडायचा, वीस-तीस वेळा पुढे मागे सरकवायचा, वाळू द्यायचा, परत मोजायचं. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. नाही झालं तर स्विच बदला. स्विच पूर्ण काढून वायरी थेट जोडू नका, मग बॅटरी कायम बोर्डाला जोडलेली राहील आणि आठवड्याभरात रिकामी होऊन मरेल. याच पद्धतीने बॅटरीच्या वायरीचं एक टोक आणि दुसरं टोक यांच्यातही मोजता येतं, पडून पडून वायर सोल्डरच्या अगदी मुळाशी तुटत येते, दोन-चार तंतू शिल्लक असतात, हात लावला तर जोडलेलीच वाटते.

बोर्डापर्यंत व्होल्टेज नीट येतंय, मग मोटरी. दोन मुख्य मोटरी असतात, एक वरचा पंखा फिरवते आणि एक खालचा, दोन्ही पंखे उलट्या दिशेला, म्हणून अंग स्थिर राहतं. यातून एक फुकटची टेस्ट मिळते. बॅटरी कमजोर असेल तर दोन्ही पंखे सारखेच मंदावतात, हेलिकॉप्टर सरळ राहतं, फक्त उचलत नाही. एक मोटर कमजोर झाली तर थ्रॉटल दिल्यावर सगळं हेलिकॉप्टरच गरगर फिरायला लागतं आणि ट्रिमचं बटण (रिमोटवरचं, हे गरगरणं थांबवायचं) एका टोकाला नेलं तरी थांबत नाही. म्हणजे गरगरतंय का, हे आधी बघितलं असतं तर अर्धं निदान मीटरशिवायच झालं असतं.

तरी मीटरने खात्री करा. ट्रिम मध्यावर, पूर्ण थ्रॉटल, आणि दोन्ही मोटरींच्या वायरींवर आळीपाळीने मोजा. दोन्हीकडे जवळपास सारखं येतंय पण एक पंखा हळू आहे, तर ती मोटर गेलीय किंवा तिचे गिअर अडकतायत. एका मोटरलाच कमी व्होल्टेज मिळतंय तर बोर्डावरचं तिथलं सोल्डर बघा, परत एकदा आयर्न टेकवून वितळवा, कधी कधी तेवढंच असतं, नाहीतर त्या मोटरला चालवणारा ट्रान्झिस्टर गेला.

मोटरीला दोष द्यायच्या आधी मात्र पंखे हाताने फिरवून बघा. दोन्ही सहज फिरले पाहिजेत, सारखाच विरोध लागला पाहिजे. खालच्या गिअरपाशी भिंग लावून बघितलं तर नव्वद टक्के घरांत केस सापडतील, लांब केस, गालिच्याचे धागे, मांजराचे केस, शाफ्टभोवती (पंखे ज्यावर फिरतात त्या उभ्या दांडीभोवती) इतके घट्ट गुंडाळलेले की ते प्लास्टिकचाच भाग वाटतात. नव्वद टक्के हा आकडा मी उगाच फेकला, पण घरात पोरी असतील तर समजून जाल. चिमट्याने आणि ब्लेडच्या टोकाने कापून काढा. जिथे शाफ्ट फ्रेममधून जातो तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा अर्धा थेंब सुईच्या टोकाने सोडा. प्लास्टिकच्या दात्यांवर तेल नको, धूळ धरतं. आणि खोबरेल तेल तर अजिबात नको, थंडीत थिजतं. शाफ्ट वाकलेला असेल तर तेलाने काही होणार नाही, तो फिरताना वरची दांडी हलताना दिसेल, शाफ्टच बदलावा लागेल.

मोटर खरंच गेली असेल तर तिचे आतले ब्रश झिजलेले असतात, ते दुरुस्त होत नाहीत, सरळ नवी बसवा. वरची आणि खालची मोटर सारखी दिसली तरी काही मॉडेलमध्ये उलट दिशेच्या असतात आणि वायरींचे रंग वेगळे असतात, जुनीचा फोटो काढून तशीच मागवा. लागोपाठ आदळून वाकडं झालेलं पातंही पॉवर खातं हे विसरू नका, पात्यांवर ए आणि बी लिहिलेलं असतं, वरच्या पंख्याची पाती खाली लावली तर मोटर कितीही फिरली तरी हवा नीट ढकलली जाणार नाही.

बॅटरीच बदलायची ठरली तर मापाकडे लक्ष द्या. बॅटरीवर सहा आकडी नंबर असतो, उदाहरणार्थ ५०२०२५ म्हणजे जाडी ५ मिमी, रुंदी २० मिमी, लांबी २५ मिमी. हीच मापं जमली पाहिजेत. जास्त एमएएचची घेतली की जास्त वेळ उडेल असं वाटतं, थोडं खरंही आहे, पण हे हेलिकॉप्टर सगळं मिळून चाळीसेक ग्रॅमचं, त्यात दोन ग्रॅम वाढले तरी ते जाणवतात, आणि वजन पुढे मागे सरकलं की हेलिकॉप्टर आपोआप एका दिशेला जायला लागतं. ३.७ व्होल्टच हवी, दोन सेल जोडून ७.४ करायचा शहाणपणा बोर्ड जाळतो.

जोडताना दोन्ही वायरी कात्रीने एकदम कापायच्या नाहीत, कात्रीच्या पात्यातूनच शॉर्ट होतो. आधी लाल कापा, टोकाला चिकटपट्टी, मग काळी. नवी बॅटरी जोडतानाही एक वायर पूर्ण सोल्डर करून झाल्यावरच दुसरीचं टोक उघडं करा. आणि नव्या बॅटरीच्या वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका, मीटर लावून प्लस कुठलं ते बघा, काही बॅटऱ्यांना वायरी उलट्या रंगाच्या लावून येतात. आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, आणि बॅटरीच्या पत्र्याला तर लावायचीच नाही, वायरीलाच.

सगळं करूनही बोर्डच गेला असेल, म्हणजे बोर्डापर्यंत व्होल्टेज नीट येतंय, हेलिकॉप्टरचा दिवा लागत नाही, मोटरी वेगळ्या काढून पेन्सिल सेलला लावल्यावर मजेत फिरतात, तर नवा बोर्ड रिमोटशी जुळणाराच घ्यावा लागतो आणि त्या किमतीत थोडे पैसे घालून नवं हेलिकॉप्टर येतं. जुन्याच्या मोटरी, गिअर, पाती, वरची दांडी डब्यात भरून ठेवा, त्याच मॉडेलचं नवं घेतलं तर उपयोगी पडतील.

पोरांच्या परीक्षा आल्या आणि हेलिकॉप्टर दोन-तीन महिने माळ्यावर जाणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नका, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, म्हणजे रिकामी झाल्यावर अर्धा वेळ चार्ज करून काढून घ्यायची. रिमोटमधले सेल बाहेर काढा, नाहीतर ते पाझरून स्प्रिंगा हिरव्या होतात. काढलेल्या जुन्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावा आणि ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घंटागाडीत दाबली गेली तर तिथे आग लागू शकते.